पाणथरी काढल्यानंतरचा ताप

आज आपल्यापुढें जो विषय मांडावयाचा आहे, त्याचें नांव ऐकून कित्येकांस असें वाटेल कीं, हा आपल्या घरचा प्रश्न नव्हे. पाणथरी, म्हणजे संस्कृतांत जिला प्लीहा म्हणतात ती, शस्त्रक्रियेनें काढून टाकावी लागलेल्या माणसांनीं जंतुसंसर्गापासून आपला बचाव कसा करावा, हा तो विषय होय. अशीं माणसें संख्येनें थोडीं आहेत, हें खरें. परंतु त्यांपैकीं एखादें आपल्या नात्यांत, शेजारांत किंवा कचेरींत असणें मुळींच अशक्य नाहीं. आणि ज्या घरीं तें आहे, त्या घरीं हीं पंधरा मिनिटें पुढेंमागें एका जिवाच्या मोलाचीं ठरण्याचा संभव आहे.

प्रथम एक चित्र डोळ्यांपुढें आणा. चोवीस-पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे. तीन वर्षांपूर्वीं मोटारसायकलवरून पडून त्याच्या डाव्या कुशीला जबर मार बसला, पाणथरी फुटली, पोटांत रक्तस्राव होऊं लागला, आणि शल्यवैद्यांनीं ती तातडीनें काढून त्याचे प्राण वाचविले. कांहीं आठवड्यांत तो हिंडूंफिरूं लागला, पुढें कामावरही रुजू झाला. पोटावरच्या व्रणाखेरीज त्या प्रसंगाची कांहीं खूण उरली नाहीं. अशा या तरुणाला एके दिवशीं संध्याकाळीं थंडी वाजून ताप भरतो. अंग मोडून येतें, एकदोन वांत्या होतात. आई म्हणते, "हवा पालटली आहे, त्याचा हा ताप." तापावरची एक गोळी दिली जाते, तासाभरांत घाम येऊन ताप उतरतो, आणि सर्वांस हायसें वाटतें. "आजची रात्र काढूं, सकाळीं डॉक्टरांकडे जाऊं," असें ठरतें. दुसऱ्या कोणा धडधाकट तरुणाच्या बाबतींत या निर्णयाला फारसें कोणी नांवें ठेवलीं नसतीं. या तरुणाला मात्र कदाचित् ती सकाळ दिसणार नाहीं.

हें मी आपणांस भय घालण्यासाठीं सांगत नाहीं. या संकटाची बहुतेक सर्व कारणें आज ठाऊक झालेलीं आहेत, आणि त्यांवरचे उपायही साधे व हाताशीं असलेले आहेत. उणीव असते ती बहुधा घरांतल्या माहितीची. म्हणून मुळापासून सुरुवात करूं.

पाणथरी ही पोटाच्या डाव्या बाजूस, वरच्या अंगाला, नवव्या ते अकराव्या बरगडीच्या आड, जठराच्या पाठीशीं लपलेली असते. रंग जांभळट, आकार मुठीएवढा, आणि प्रौढ माणसांत वजन सुमारें दीडशें ग्रॅम. निरोगी माणसाच्या पोटावर हात ठेवला तर ती सहसा हाताला लागत नाहीं. हिवतापासारख्या रोगांत ती वाढून बरगडीच्या खालीं उतरते. "पोरट्याच्या पोटांत पाणथरी आली आहे" हें वाक्य आपल्या आज्यापणज्यांच्या तोंडीं याचसाठीं असे. तिच्याविषयीं लोकांना माहिती असे ती एवढीच. ती वाढली म्हणजे वाईट, हें ठाऊक. ती असते कशासाठीं, हें फारसें कोणास ठाऊक नव्हतें.

तिचीं मुख्य कामें दोन. जुन्या झालेल्या, झिजलेल्या तांबड्या पेशी वेंचून काढून त्यांची विल्हेवाट लावणें हें पहिलें. दुसरें काम पहारेकऱ्याचें. जुन्या काळीं गांवाच्या वेशीवर जसा जकातनाका असे, आणि येणारी प्रत्येक गाडी तेथें थांबवून तपासली जाई, तसा रक्ताच्या वाटेवरचा हा नाका आहे. पाणथरींतील अतिशय अरुंद वाटांतून रक्त हळू हळू झिरपत असतां तेथें बसलेल्या भक्षक पेशी त्यांतील परकीय जंतूंना पकडतात आणि गिळून टाकतात.

आतां कोणी विचारील कीं, असे भक्षक यकृतांतही आहेत. मग पाणथरी गेली म्हणून काय बिघडलें? याचें उत्तर कांहीं विशिष्ट जंतूंच्या अंगच्या एका युक्तींत आहे. या जंतूंच्या भोंवतीं शर्करेच्या जातीच्या द्रव्याचें एक बुळबुळीत आवरण असतें. ओला मासा जसा हातांतून निसटतो, तसे हे जंतू भक्षक पेशींच्या तावडींतून निसटतात. त्यांच्या आवरणावर प्रतिद्रव्यें चिकटलीं म्हणजेच पेशींना त्यांची पकड येते. या शर्करामय आवरणाविरुद्ध तांतडीनें प्रतिद्रव्यें निर्माण करणाऱ्या पेशी मोठ्या प्रमाणावर पाणथरींत असतात. शिवाय, ज्यांच्या अंगावर प्रतिद्रव्यें अद्याप नीटशीं बसलेलीं नाहींत, अशाही जंतूंना अडविण्याचें सामर्थ्य पाणथरीच्या अंगीं विशेष आहे. यकृत त्या मानानें कमी पडतें. नाकाच उठला, तर या जंतूंना रक्तांत मोकळें रान मिळतें, आणि तेथें त्यांची वाढ तासातासाला दुणावत जाते.

असे जंतू मुख्यतः तीन. पहिला आणि सर्वांत घातक न्यूमोकॉकस. एरव्हीं तो न्यूमोनियाचें एक प्रमुख कारण आहे. पाणथरी नसलेल्यांच्या या तीव्र रक्तसंसर्गांपैकीं निम्म्याहून अधिक त्याच्यामुळेंच होतात. दुसरा मेनिंगोकॉकस, जो मेंदूच्या आवरणाचा दाह करतो. तिसरा हीमोफिलस इन्फ्लुएन्झा टाइप बी. या तिसऱ्याच्या नांवानें कोणीं फसूं नये. १८९२ सालीं फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें इन्फ्लुएन्झाच्या रोग्यांत तो पाहिला आणि तोच त्या रोगाचें कारण, असें मानलें. पुढें तें चूक ठरलें, पण नांव मात्र राहून गेलें. लहान मुलांत मेंदूच्या आवरणाचा दाह व न्यूमोनिया करणारा हा एक निराळाच जंतू आहे.

पाणथरीचें हें महत्त्व वैद्यकशास्त्राला उशिरां कळलें. तिच्यावांचून माणूस जगतो, हें शल्यवैद्य पाहत होते, आणि म्हणून ती बिनउपयोगाची, असा समज दृढ झाला होता. १९१९ सालीं मॉरिस आणि बुलक या दोघा संशोधकांनीं उंदरांच्या पाणथऱ्या काढून पाहिलें, तेव्हां तीं जनावरें संसर्गाला लवकर बळी पडतात, असें त्यांस आढळलें. माणसांतही असेंच घडत असावें, असा इशाराही त्यांनीं दिला. पण त्याकडे फारसें कोणीं लक्ष दिलें नाहीं. १९५२ सालीं किंग आणि शुमाकर या अमेरिकन शल्यवैद्यांनीं पांच अर्भकांची हकीकत प्रसिद्ध केली. जन्मजात रक्तविकारामुळें या बालकांची पाणथरी सहा महिन्यांच्या आंतच काढली होती, आणि पुढें त्यांना तीव्र जंतुसंसर्गानें गांठलें. त्यानंतर जगभर डॉक्टरांचे डोळे उघडले.

धोका किती, हें नीट समजून घेतलें पाहिजे. नाहींतर मनुष्य एक तर निष्काळजी होतो, नाहीं तर उगाच धास्ती घेऊन बसतो. पाणथरी गेलेल्या प्रौढांत असा संसर्ग वर्षाला साधारणतः शंभरांत एकाहूनही कमी जणांस होतो. म्हणजे बहुसंख्य लोक नोकरी-धंदा, संसार, प्रवास सर्व कांहीं करून सुखानें म्हातारे होतात. लहान मुलांत आणि थॅलेसीमियासारख्या रक्तविकारांत हें प्रमाण अधिक असतें. शस्त्रक्रियेनंतरचीं पहिलीं दोनतीन वर्षें विशेष जोखमीचीं. तथापि हा धोका पुढें आयुष्यभर कधीं पुरता नाहींसा होत नाहीं. वीस-वीस वर्षांनंतरही तो प्रकट झाल्याचीं उदाहरणें आहेत. आणि एकदां तो आला म्हणजे त्याचा वेग भयंकर असतो. सकाळीं कणकण, दुपारीं हुडहुडी, रात्रीं बेशुद्धी, असा एका दिवसाचा तो प्रवास असूं शकतो. उपचार करूनही अशा रोग्यांपैकीं तिसरा हिस्सा ते निम्मे दगावतात. म्हणून रोग येऊंच नये, आणि आलाच तर पहिल्या तासांतच त्याला गांठावें, या दोन गोष्टींवर सारी भिस्त आहे. त्यासाठीं तीन तटबंद्या उभ्या कराव्या लागतात.

पहिली तटबंदी लसींची. वर सांगितलेल्या तिन्हीं जंतूंविरुद्ध लसी आहेत. ठरवून करावयाची शस्त्रक्रिया असेल, तर त्या निदान दोन आठवडे आधीं टोंचून घ्याव्या. कारण पाणथरी जागेवर असतांना शरीर अधिक चांगलीं प्रतिद्रव्यें तयार करतें. अपघातांत तांतडीनें शस्त्रक्रिया झाली असेल, तर सुमारें दोन आठवड्यांनीं, प्रकृति सांवरल्यावर, त्या घ्याव्या. रुग्णालयांतून घरीं परततांना ही गोष्ट हमखास विसरली जाते. टांके निघाले, बिलें चुकतीं झालीं, आणि लसी राहून गेल्या, असें होऊं देऊं नये. घरीं जाण्यापूर्वीं नातेवाइकांपैकीं कोणीं तरी डॉक्टरांस स्पष्ट विचारावें, "लसींचें काय? कोणत्या, आणि कोणत्या तारखेस?" आणि तें उत्तर कागदावर लिहून घ्यावें.

येथें एक शंका निघते. बाळपणीं सर्व लसी टोंचल्या होत्या, मग पुन्हा कशाला? आपल्या सरकारी कार्यक्रमांत हीमोफिलसची लस पंचगुणी लसीच्या रूपानें २०११ सालापासून टप्प्याटप्प्यानें आली, आणि न्यूमोकॉकसची लस २०१७ सालीं कांहीं राज्यांत सुरू होऊन २०२१ सालीं देशभर पोंचली. अर्थात् आज जे प्रौढ आहेत, त्यांच्या बाळपणीं यांतलें कांहींच त्या कार्यक्रमांत नव्हतें. मेनिंगोकॉकसची लस तर या नित्याच्या कार्यक्रमांत नाहींच; ती मुद्दाम मागून घ्यावी लागते. शिवाय लसींचें बळ काळानें ओसरतें. मेनिंगोकॉकसची लस सामान्यतः दर पांच वर्षांनीं पुन्हा घ्यावी लागते. न्यूमोकॉकसच्या लसींचे प्रकार अनेक असल्यामुळें कोणती, किती वेळां, हें आपल्या डॉक्टरांनीं ठरवावें. इन्फ्लुएन्झाची लस दरवर्षीं घ्यावी, कारण त्या तापानें छाती दुबळी झाली म्हणजे पाठोपाठ न्यूमोकॉकस आंत शिरतो.

लहान मुलांविषयीं एक वेगळी गोष्ट आहे. दोन वर्षांखालील बालकाचें शरीर नुसत्या शर्करामय आवरणाला ओळखून प्रतिकार करण्यास शिकलेलें नसतें. म्हणून त्या शर्करेला प्रथिनाची जोड देऊन केलेल्या लसी त्यांना टोंचाव्या लागतात. याच कारणास्तव, रोगामुळें पाणथरी काढणें भाग असलें तरी, शक्य तेथें तें मूल पांच-सहा वर्षांचें होईपर्यंत डॉक्टर वाट पाहतात. आईबापांना हा विलंब वाटतो. वास्तविक ती दूरदृष्टि असते.

दुसरी तटबंदी रोजच्या औषधाची. लस सर्व जातींच्या जंतूंना पुरी पडत नाहीं. एकट्या न्यूमोकॉकसचे शंभरावर प्रकार आहेत. म्हणून पेनिसिलिनच्या जातीची गोळी नेमानें दिली जाते. तिचा उपयोग किती होतो, हें अमेरिकेंत १९८६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगानें दाखविलें. सिकलसेल नांवाच्या रक्तविकारांत पाणथरी बाळपणींच निकामी होऊं लागते. अशा २१५ बालकांपैकीं १०५ जणांस दिवसांतून दोनदां पेनिसिलिन दिलें, आणि ११० जणांस तसेंच दिसणारें, पण निर्गुण औषध दिलें. दुसऱ्या गटांत तेरा बालकांना न्यूमोकॉकसचा तीव्र संसर्ग झाला आणि त्यांतलीं तीन दगावलीं. पेनिसिलिन घेणाऱ्यांत संसर्ग केवळ दोघांना झाला, आणि त्यानें एकही मूल गेलें नाहीं. फरक इतका उघड होता कीं, प्रयोग ठरल्या मुदतीच्या आठ महिने आधींच थांबविण्यांत आला.

विदर्भांत, नंदुरबार-गडचिरोलीच्या आदिवासी भागांत, सिकलसेलचीं मुलें पुष्कळ आहेत. त्यांच्या पोटावर शस्त्रक्रियेची खूण नसते, पण पाणथरी नसल्यासारखीच त्यांची स्थिति असते. म्हणून आज मी जें सांगत आहें, तें सर्व त्यांच्या आईबापांनाही तंतोतंत लागूं आहे.

हें औषध किती वर्षें घ्यावें, याविषयीं देशोदेशींच्या तज्ज्ञांत मतभेद आहेत. मुलांना निदान पांच वर्षांच्या वयापर्यंत, आणि शस्त्रक्रियेनंतर निदान पहिलीं एकदोन वर्षें द्यावें, याविषयीं बहुतेकांचें एकमत आहे. ज्यांना पूर्वीं असा संसर्ग होऊन गेला आहे, किंवा ज्यांची प्रतिकारशक्ति दुसऱ्या कारणानेंही क्षीण आहे, त्यांना तें जन्मभर घेण्याचा सल्ला दिला जातो. मात्र, "आतां मला बरें वाटतें" एवढ्या कारणावरून तें आपण होऊन बंद करूं नये. बरें वाटत असतांनाच घ्यावयाचें असें हें औषध आहे. पेनिसिलिन ज्यांना सोसत नाहीं, त्यांच्यासाठीं दुसरीं औषधें आहेत.

तिसरी तटबंदी सावधपणाची, आणि माझ्या मतें हीच सर्वांत महत्त्वाची. कारण पहिल्या दोन डॉक्टरांच्या हातीं आहेत, ही तिसरी घरांतल्या माणसांच्या हातीं आहे. नियम असा कीं, पाणथरी नसलेल्या माणसाचा ताप हा ताप किती चढला यावरून मोजावयाचा नसतो. तो येऊन किती वेळ झाला, हें घड्याळांत पाहावयाचें असतें. तापमापकाचा पारा १००.४ अंशांवर गेला, अथवा ताप नसतांही थंडी वाजून अंग थरथरूं लागलें, वांत्या झाल्या, पोटांत दुखूं लागलें, भ्रम किंवा गुंगी आली, अंगावर लालजांभळे डाग उमटले, तर विलंब न लावतां रुग्णालय गांठावें. मध्यरात्र असो कीं सणाचा दिवस असो, वाट पाहूं नये. काढा, पाण्याच्या घड्या, तापाची गोळी यांनीं पारा उतरेल. रक्तांतले जंतू उतरणार नाहींत. ताप उतरला म्हणून जाणें रहित करूं नये.

याच प्रसंगासाठीं डॉक्टरांच्या सल्ल्यानें प्रतिजैविकाची एक मात्रा घरांत आणि प्रवासाच्या पिशवींत सदैव ठेवावी. लक्षणें दिसतांच ती घ्यावी, आणि मग निघावें. ती घेतली म्हणजे काम झालें, असें मात्र समजूं नये. रुग्णालयांत पोंचेपर्यंतचा वेळ भरून काढण्यापुरतीच ती असते. तेथें पोंचल्यावर पहिलें वाक्य असें बोलावें: "यांची पाणथरी काढलेली आहे." हें ऐकल्यावर डॉक्टर तपासणीच्या निकालाची वाट न पाहतां शिरेवाटे औषध सुरू करतात. आजारी माणसाला कदाचित् बोलण्याचें भान नसेल. म्हणून त्याच्या पाकिटांत एक लहानसें कार्ड असावें. त्यावर पाणथरी काढल्याचें वर्ष, टोंचलेल्या लसी व त्यांच्या तारखा, न सोसणारीं औषधें आणि घरच्यांचा दूरध्वनि-क्रमांक, एवढें लिहिलें म्हणजे पुरे.

आणखी दोन धोके सांगतों. कुत्र्यामांजरांच्या लाळेंत एक जंतू असतो, जो निरोगी माणसाला क्वचितच बाधतो, पण पाणथरी नसलेल्याच्या रक्तांत शिरला तर जिवावर बेततो. म्हणून कुत्र्यानें चावल्यास वा ओरबाडल्यास जखम साबणानें भरपूर धुवावी आणि त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. पिसाळलेल्या कुत्र्याच्या रोगाच्या लसीबरोबरच प्रतिजैविकाचीही गरज असते. दुसरा धोका हिवतापाचा. पाणथरी नसल्यास तो अधिक उग्र रूप धारण करतो. पावसाळ्यांत मुंबईसारख्या शहरांतही हिवताप असतो. मच्छरदाणी वापरावी, आणि हिवतापाच्या मुलखांत जावयाचें झाल्यास आधीं प्रतिबंधक औषधाविषयीं विचारावें.

आतां ज्यांच्या घरीं एखादी वडीलधारी व्यक्ति तीस-चाळीस वर्षांपूर्वीं अशी शस्त्रक्रिया करून घेतलेली आहे, त्यांच्यासाठीं दोन शब्द. त्या काळीं यांतील पुष्कळ लसी उपलब्ध नव्हत्या, आणि रुग्णालयाचे कागदही आतां सांपडत नसतील. पोटावरचा व्रण सर्वांना ठाऊक असतो. तो कशाचा, हें कधीं कधीं मुलांनाही ठाऊक नसतें. अशा व्यक्तींनीं "इतकीं वर्षें कांहीं झालें नाहीं" यावर विसंबूं नये. लसी उशिरां घेतल्या तरी उपयोगी पडतात. अलीकडे शल्यवैद्य स्वतःच पाणथरी जपूं लागले आहेत. मार लागून ती फाटली, तरी रोग्याची प्रकृति स्थिर असेल तर तिला न काढतां लक्ष ठेवून बरी करतात. ज्या अवयवाला एकेकाळीं बिनउपयोगाचा म्हटलें, त्याच्यासाठीं आज ही धडपड चालते, यावरूनच त्याची किंमत ध्यानीं यावी.

शेवटीं पुन्हा त्या तरुणाच्या घरीं जाऊं. तीच संध्याकाळ, तीच थंडी, तोच ताप. परंतु या वेळीं आई कपाटांतली ठेवणीची गोळी काढून त्याला देते, धाकटी बहीण रिक्षा बोलावते, आणि वडील त्याचें कार्ड खिशांत घालून बरोबर निघतात. अर्ध्या तासांत औषध त्याच्या शिरेंत जाऊं लागतें. कदाचित् दुसऱ्या दिवशीं डॉक्टर हंसून म्हणतील, "साधाच ताप होता, उगीच धांवपळ केलीत." तसें म्हटलें तर वाईट वाटूं देऊं नका. अशी दहा वेळां उगीच धांवपळ झाली तरी हरकत नाहीं. अकराव्या वेळीं ती उगीच नसेल.

श्रोतेहो, आज रात्रीं जेवणाच्या वेळीं घरांत एकदां विचारून पाहा: आपल्यांपैकीं, आपल्या नात्यागोत्यांत, कोणाची पाणथरी काढलेली आहे काय? असेल, तर उद्यांच्या टपालानें नव्हे, आजच त्यांना कळवा.